कावळा, फांदी आणि रहिमतुल्ला सेरंग

एकतीस वर्षांत रहिमतुल्ला सेरंगनं सही करताना कधी चष्मा लावला नव्हता. व्हिसाचा कागद असो, रजेचा असो, नाहीतर सेफ्टीच्या क्लासला बसल्याचा असो, "साहेब, किधर करूं?" एवढंच विचारायचं आणि बोट दाखवतील तिथे आपली लांबुळकी सही ठोकून मोकळं व्हायचं. साहेबानं कागद पुढे केला म्हणजे तो बरोबरच असणार, वाचून काय अंडी घालायची आहेत? त्या गुरुवारी मात्र त्यानं खिशातून चष्मा काढला, कागद दोनदा वाचला, पेनाला टोपण लावलं आणि पेन टेबलावर आडवं ठेवलं.

"नहीं करेगा, साहेब," तो म्हणाला.

टेबलापलीकडे रूलॉफ साहेब बसला होता. हॉलंडचा माणूस, यार्डाचा मॅनेजर, उंचीला दाराएवढा आणि बोललेल्या शब्दाला धरून चालणारा. शेजारी हेमा होती, मूळची पुण्याची, ऑफिसातले सगळे रिपोर्ट सांभाळणारी. दोघं बघतच राहिले. समुद्राचा तळ उपसायचा आणि ती वाळू लोखंडी नळ्यांतून किनाऱ्यावर आणून टाकायची, हा त्या डच कंपनीचा बहारीनमधला धंदा. रहिमतुल्ला तिथला सेरंग, म्हणजे वजनं उचलणाऱ्या गँगचा मुकादम. पट्टा कुठे बांधायचा, हूक कुठे अडकवायचा, हे तो ठरवणार. त्यानं "हाबेस" म्हटलं की क्रेननं उचलायचं, "आर्या" म्हटलं की खाली सोडायचं. त्याच्या तोंडून शब्द निघाल्याशिवाय त्या यार्डात सुतळीचा तोडासुद्धा वर जात नसे.

आणि त्या कागदावर काय लिहिलं होतं? सोमवारी चार टनांची नळी पडली, त्याचं कारण: रहिमतुल्ला.

बस्स. एका ओळीत एकतीस वर्षं निकालात! त्याखाली सही पडली की त्याचं रिगरचं कार्ड, म्हणजे वजनं उचलायचा परवाना, रद्द होणार होतं. आणि तीन महिन्यांनी निवृत्त होऊन गावी, बाणकोटला परतताना 'ज्याच्या हातून माल पडला तो' ही ओळख सामानाबरोबर जाणार होती. बाणकोटात घरटी एक माणूस जहाजावर, नाहीतर गल्फात. तिथे अशी बातमी पोचायला विमान लागत नाही. रहिमतुल्लाचा बाप सेरंग, बापाचा बाप सेरंग, आणि तिघांत मिळून आजवर एक बादलीसुद्धा पडलेली नव्हती.

"पण तूच सांगितलंस," रूलॉफ साहेब म्हणाला. "मी विचारलं, कशामुळे झालं? तू म्हणालास, माझ्यामुळे."

हे मात्र खरं होतं. तिथेच तर सगळं घोडं पेंड खात होतं.

झालं होतं ते असं. सोमवारी सकाळी साडेआठला नळी उचलायची होती. क्रेनवर भांडुपचा गौरव, हाताचा हलका आणि डोक्याचा थंड. सेरंगनं रोजच्यासारखा दोन्ही पट्ट्यांवरून हात फिरवला. कुठे कापलेलं नाही, शिवण शाबूत, तपासणीचा टॅग तारखेत. पट्टा हाताला जरा कडक लागला, पण खाऱ्या हवेत काय मऊ राहतं? "हाबेस!" म्हटलं. नळी उठली, माणसाच्या डोक्याइतकी वर गेली, गौरवच्या हातून किंचित झटका बसला आणि एक पट्टा तुटला. चार टन लोखंड फरशीवर आदळलं. खाली कोणी नव्हतं, अल्लाची मेहेरबानी. तीन मिनिटांपूर्वी चौघं तिथूनच पलीकडे गेले होते.

साहेब धावत आला. "कशामुळे झालं?" असं विचारलं, आणि त्याचा श्वास खाली बसायच्या आत सेरंग छातीवर हात ठेवून म्हणाला, "कसूर मेरा, साहेब."

आता तुम्ही म्हणाल, न केलेला गुन्हा कबूल करायला हा काय वेडा आहे? वेडा नव्हे, सेरंग आहे. कोकणातल्या खलाशांची ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. काही मोडलं, पडलं, बुडलं, तर साहेबासमोर पहिला शब्द सेरंगचा, आणि तो शब्द ठरलेला: कसूर माझी. मग साहेब ओरडायचं तेवढं सेरंगवर ओरडतो. बाकीची माणसं माना खाली घालून उभी राहतात, कुणाला नोटीस नाही, कुणाची बदली नाही. साहेब गेला की सेरंग सगळ्यांना घेऊन बसतो, चहा मागवतो आणि मग आपल्या भाषेत विचारतो, "हां, आता खरं काय ते बोला." बाप म्हणायचा, "साहेबाच्या म्होरं सेरंग एकटा. साहेब गेल्यावर सगळे." ह्या एका वाक्यावर रहिमतुल्लानं एकतीस वर्षांत किती पोरांच्या नोकऱ्या वाचवल्या असतील त्याला गणती नाही. पूर्वीचे साहेब दहा मिनिटं शिव्या घालायचे आणि दुपारी विसरून जायचे.

रूलॉफ साहेब ओरडला नाही. ओरडला असता तर फार बरं झालं असतं. त्यानं खिशातून वही काढली आणि सेरंगचं वाक्य तारीखवेळेसकट लिहून घेतलं.

"बोला था, साहेब," रहिमतुल्ला आता म्हणाला. "पर लिखने के लिए नहीं बोला था."

साहेबाचे कान लाल झाले. रविवारी दुपारी बाराला रिपोर्ट हॉलंडच्या हेड ऑफिसला जायलाच हवा होता. त्यानं हेमाकडे पाहिलं, म्हणजे आता तूच समजाव ह्याला.

हेमानं सेरंगला आपल्या टेबलाशी नेलं, खुर्ची दिली आणि मराठीत म्हणाली, "चाचा, असं कसं चालेल? तुम्हीच कबूल केलंत, आणि आता तुम्हीच अडून बसलात."

"ताई, आमची ती बोलायची रीत हाय," रहिमतुल्ला म्हणाला, आणि बापाचं वाक्य, चहा, सगळं त्यानं तिला सांगितलं. हेमा ऐकत गेली आणि तिचा हात हळूहळू कपाळाकडे गेला.

"अहो, मग तेव्हाच सांगायचं ना!"

"कसं सांगायचं? सांगितलं तर ती रीत कसली?"

तिनं ड्रॉवर उघडून एक फॉर्म काढला. हा डच फॉर्म, हेड ऑफिसला जातो तो. इंग्रजी फॉर्म यार्डापुरता, त्यावर कारणासाठी एकच ओळ होती. डच फॉर्मवर मात्र दोन ओळी होत्या. खालच्या ओळीत रहिमतुल्लाचं नाव टाइप केलेलं होतं. वरची कोरी होती.

"ही रिकामी का?" त्यानं बोट ठेवलं.

हेमा जरा ओशाळली. "ती इथे कोणी भरतच नाही, चाचा. इंग्रजीत एकच ओळ, मग तीच उचलून मी खाली टाकते. खालचा शब्द आहे ओरझाक. ओरझाक म्हणजे कारण, ज्यातून गोष्ट मुळात होते ते. आणि वरचा आहे आनलायडिंग."

"तो कशाचा?"

आता आली का पंचाईत! हेमा चार वर्षं रॉटरडॅमच्या ऑफिसात होती, तिथेच डच शिकली, पण ह्या शब्दानं तिला पुरतं रडवलं होतं. शब्दातच 'घेऊन जाणं' आहे, ती म्हणाली, एखाद्या गोष्टीपाशी आणून सोडणारं काहीतरी. तिथलं ऑफिसचं निम्मं टपाल ह्याच शब्दानं सुरू होतं. तुमच्या पत्राच्या आनलायडिंगनं आम्ही लिहीत आहोत की, वगैरे. तुमचं पत्र आलं म्हणून आम्ही लिहायला बसलो, एवढाच त्याचा अर्थ. भांडण नसताना कोणी अंगावर आला तर म्हणायचं, काही आनलायडिंग नसताना आला. तिच्या वाढदिवसाला तिनं ऑफिसात केक नेला आणि मोठ्या ऐटीत सांगितलं की ह्या केकचं ओरझाक माझा वाढदिवस आहे. सगळे हसायला लागले. एक म्हातारा हिशेबनीस म्हणाला, बाई, वाढदिवस झाला की आग लागली?

"आणि माझ्या घरमालकिणीचं सांगते," हेमा म्हणाली. "एका सकाळी नवऱ्यानं तिचा आवडता कप फोडला. त्याच दिवशी ती घर सोडून गेली, ती परत आलीच नाही. लोक म्हणायचे, कपासाठी संसार मोडला. ती म्हणायची, कप आनलायडिंग. ओरझाक म्हणजे पंधरा वर्षं हा माणूस माझ्याशी धड बोललेला नाही."

रहिमतुल्लानं चष्मा कपाळावर सरकवला. "म्हणजे निमित्त."

हेमानं टेबलावर हात आपटला. "निमित्त! अहो, सात वर्षं मी ह्या शब्दाला इंग्रजीत शोधतेय."

"आमच्याकडे बोलतात ना, कावळा बसायला नि फांदी मोडायला गाठ पडली. कावळा तुमचा तो..."

"आनलायडिंग."

"हां, तो. नि फांदी आतून कुजलेली होती ते ओरझाक." त्यानं बोट वरच्या ओळीवर नेलं. मग सावकाश म्हणाला, "ताई, मला कावळा म्हणून वर लिवा. आत्ता सही करतो. हाबेस बोललो मीच, ते खोटं नाय. पण फांदी म्हणून खाली लिवाल तर मान कापली तरी करणार नाय."

"मग फांदी कुठली ते सांगा. खालची ओळ कोरी ठेवता येत नाही."

"रविवारी सांगतो," रहिमतुल्ला उठला. आत जाऊन साहेबालाही त्यानं तेवढंच सांगितलं. साहेब म्हणाला, रविवारी बारापर्यंत; त्यानंतर सही असो वा नसो, कागद जाणार.

तुटलेला पट्टा हेमानं पिशवीत सील करून ठेवला होता. त्याच दुपारी तिनं तो काढला आणि रहिमतुल्लानं मांडीवर घेऊन इंचाइंचानं तपासला. ह्या पट्ट्यांचे रंग ठरलेले असतात, रंगावरून वजन कळतं. लाल म्हणजे पाच टनांचा. हाही लालच होता, निदान गेली दोन वर्षं सगळे त्याला लालच म्हणत होते. मग सेरंगनं पट्ट्यावर शिवलेली कंपनीच्या नावाची पट्टी नखानं उचकटली आणि तिच्याखाली बघितलं. तिथे रंग होता डाळिंबाच्या दाण्यासारखा. बाहेरचा पट्टा त्याच्याशेजारी फिका गुलाबी दिसत होता, लग्नातल्या सरबतासारखा.

"या अल्ला," तो म्हणाला.

रोज डोळ्यांसमोर असलेली वस्तू रोज थोडी थोडी उडत गेली आणि कुणाला दिसली नाही. उन्हानं धागा खाल्ला होता. तो कडकपणा मिठाचा नव्हता तर! त्यानं हातानं चार धागे ताणले, ते पापडासारखे मोडले. नवा पट्टा असता तर गौरवच्या झटक्यानं हललासुद्धा नसता. चला, फांदी सापडली. रहिमतुल्ला असा खूश झाला की पिशवी तशीच टाकून पट्टे टांगायच्या खुंट्यांकडे तरातरा निघाला. बाकीचे सात पट्टे तिथेच होते, पत्र्याच्या भिंतीवर, सकाळपासून संध्याकाळपर्यंत धडधडीत उन्हात. सातही गुलाबी. एप्रिल चालू होता, तरी लोखंडी खुंटीला हात लावला तर चटका बसला.

कोणत्या शहाण्यानं हे इथे टांगले, असं तो मोठ्यानं म्हणणार, तेवढ्यात बाजूच्या स्टोअरमधून हाक आली, "सेरंग, या की, सावलीत या! चहा गार होतोय."

तो वळला. स्टोअरच्या दारात त्याची गँग बसली होती, पाय पसरून, पंख्याखाली. आणि मग त्याला आठवलं.

दोन वर्षांपूर्वीचा जून. उन्हाळ्यातली दुपारची सक्तीची सरकारी सुट्टी सुरू व्हायला आठवडा होता. गौरव क्रेनवरून उतरला आणि उतरता उतरताच कोसळला. यार्डात माणसाला टेकायला सावली म्हणून नव्हती. क्रेनची सावली, तीही क्रेनबरोबर फिरणारी. रहिमतुल्ला तीन आठवडे साहेबाच्या मागे लागला. रोज सकाळी दारात उभा. माणसांना सावली पाहिजे. शेवटी साहेब कंटाळून म्हणाला, स्टोअर घे. सेरंगनं त्याच दिवशी स्टोअर रिकामं केलं, पंखा बसवला, पिण्याच्या पाण्याचं पिंप ठेवलं. आतले पट्टे बाहेर काढले, आणि भिंतीवर खुंट्या ठोकून ओळीनं टांगले. कुणी? त्यानंच. स्वतःच्या हातानं. हातोडी कुठून आणली होती तेही त्याला आठवत होतं.

त्या दिवशी तो चहा न पिताच बसमध्ये जाऊन बसला.

शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, जुम्मा पढून तो माहूज भागातल्या आपल्या घरी आला. शरीफुन्निसानं साफी मासे तळले होते, सोबत कोकमाचं सार. चाळीस वर्षांचा संसार. नवरा मासा काट्यासकट ढकलायला लागला की काहीतरी बिनसलंय हे तिला सांगावं लागत नसे.

"काय झाला?" तिनं विचारलं. त्यानं सगळं सांगितलं.

शरीफुन्निसा आधी हसली. तिला हसू आवरेना. "म्हंजे माझी चूक नाय असा दाखवायला निघालांव, नि शोधून शोधून सापडले कोण, तर तुमीच!"

"हस, हस."

"मग काल सही केली असतीत तर काय बिघडला असता? नाव तर तेच."

"नाव तेच, पण गोष्ट खोटी," रहिमतुल्ला म्हणाला. "सही केली असती तर रहिमतुल्ला गेला बाणकोटला, नि ते सात पट्टे राहिले असते खुंटीवर. उद्या दुसरा सेरंग हाबेस बोलला असता. तेव्हा खाली कोणी नसेल असं कोण सांगतो?"

मग तिनं नेमकं तेच विचारलं जे तो काल दुपारपासून स्वतःला विचारत होता. "आणि साहेब बोलला की ठीक हाय, पट्टे परत आत ठेवा? मग पोरं कुठं बसतील? जून आला."

रहिमतुल्लानं ताट बाजूला सारलं. सोप्या वाटा दोन होत्या, आणि दोन्ही त्याला दिसत होत्या. गौरवचा झटका सांगितला की सुटका. पण गौरवचं कार्ड जाणार. गप्प राहून सही केली तर पोरांची सावली शाबूत. पण डोक्यावर सरबती पट्टे. एकदा वाटलं, तीनच महिने तर उरले. कशाला हा उद्योग? लगेच स्वतःचीच लाज वाटली.

"दोन सावल्या मागीन," तो म्हणाला.

"एक मागताना तीन आठवडे गेले होते तुमचे."

"मग ह्या टायमाला सहा जाऊ देत. आनी मी कुठे चाललोय तोपर्यंत?"

शरीफुन्निसानं त्याच्या ताटात अजून एक मासा घातला. "मग जेवा तरी नीट. मागायला ताकद लागते."

रविवारी साडेअकराला रहिमतुल्ला साहेबाच्या खोलीत शिरला तो खांद्यावर सात पट्टे टाकूनच. हातात तुटलेल्या पट्ट्याची पिशवी. सगळं त्यानं टेबलावर ओतलं. हेमा डच फॉर्म घेऊन तयार बसली होती. सेरंगनं तोंड उघडलं, आणि तेवढ्यात दार ढकलून गौरव आत आला. कपाळावर घाम, हेल्मेट काखेत. यार्डात बातमी लपते कुठे? सेरंगचं कार्ड जाणार हे त्याला नाश्त्याला कळलं होतं.

त्यानं छातीवर हात ठेवला. "साहेब, कसूर मेरा. झटका मैंने दिया."

रहिमतुल्लाला रडू फुटतं की राग येतो तेच कळेना. शेवटी राग आला. "गप ए! कुणी शिकवलं तुला हे?"

"तुम्हीच, सेरंग," गौरव मराठीत म्हणाला.

"हो का! मग आता मीच सांगतो, विसर. ही रीत माझ्याबरोबर बाणकोटला जाऊ दे. आमचे जुने साहेब बोललेलं विसरायचे म्हणून ती चालली. हे लिहून घेतात. इथे तू कसूर मेरा बोललास की पट्टा निर्दोष सुटला. बस तिकडे."

गौरव भिंतीला टेकून उभा राहिला. मग सेरंगनं साहेबाला सांगितलं, त्याच्या त्या यार्डातल्या हिंदीत, अधेमधे इंग्रजी घालून, आणि अडलं तिथे हेमानं डचमध्ये पुढे नेलं. त्यानं सातही पट्ट्यांच्या शिवलेल्या पट्ट्या उचकटून दाखवल्या. आतून लाल, बाहेरून गुलाबी. चार धागे साहेबाच्या हातात दिले. साहेबानं ताणले. मोडले. साहेबानं अजून चार ताणले.

"झटका आणि माझं हाबेस, हे वरच्या ओळीत लिहा," रहिमतुल्ला म्हणाला. "तो कावळा. खालच्या ओळीत ऊन. आणि पट्टे उन्हात टांगले कुणी, असं कुणी विचारलं तर मी. माझ्या हातानं. तेही लिहा. आता मी नाही म्हणणार नाही."

हेमा थबकली. "चाचा, तुमचं कार्ड..."

"जाऊ दे कार्ड. खरं लिहा, ताई."

रूलॉफ साहेबानं नकारार्थी मान हलवली. ह्या ओळीत माणसाचं नाव बसत नाही, तो म्हणाला. ते लिहिलं ही त्याचीच चूक, गुरुवारीच तिथे नाव बसायला नको होतं. माणसानं असं का केलं, ते इथे येतं. "तू पट्टे बाहेर का काढलेस?"

"पोरांना सावली पाहिजे होती, म्हणून."

"दुसरीकडे का नाही ठेवलेस?"

"दुसरी सावली कुठाय, साहेब?"

साहेब पुढचा प्रश्न विचारणार होता. त्याचं तोंड उघडलं होतं, बोट वर होतं, आणि तो तसाच थांबला. खिडकीबाहेर पत्र्याची भिंत दिसत होती, रिकाम्या खुंट्यांची.

"दोन वर्षांपूर्वी," तो हळू म्हणाला, "तू माझ्याकडे स्टोअर नव्हतं मागितलंस."

"नाही, साहेब. नवी शेड मागितली होती. तीन आठवडे."

"आणि मी म्हणालो, शेड नाही, स्टोअर घे."

रहिमतुल्ला हे बोलायला आलाच नव्हता. एकतीस वर्षांत साहेबाच्या तोंडावर साहेबाची चूक त्यानं कधी काढली नव्हती, आणि आजही काढणार नव्हता. गौरव छताकडे बघायला लागला. हेमा फॉर्मकडे.

तो दाराएवढा माणूस खुर्चीतून उठला. सोमवारी सेरंगकडून आणि आज गौरवकडून ऐकलेले दोन शब्द त्याला पाठ झाले होते. त्यानं उजवा हात छातीवर ठेवला, अगदी सेरंगसारखा, आणि म्हणाला, "कसूर मेरा."

हेमाच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसरा कुणी असता तर तिथेच विरघळला असता, साहेबाचा हात हातात घेऊन म्हणाला असता, जाऊ द्या हो साहेब, झालं गेलं गंगेला मिळालं. पण रहिमतुल्लानं गुरुवारी टोपण लावून ठेवलेलं तेच पेन टेबलावरून उचललं, टोपण काढलं आणि साहेबाच्या पुढ्यात धरलं.

"बोलने का नहीं, साहेब," तो म्हणाला. "लिखने का."

साहेब खाली बसला आणि लिहू लागला. वरच्या कोऱ्या ओळीत दोन-तीन शब्द. खालच्या ओळीतलं नाव खोडून तिथे लांबलचक काहीतरी. मग त्याच्याही खाली, उपाय लिहायच्या जागी, एक ओळ आणि एक तारीख. हेमा त्याच्या खांद्यावरून वाचून मराठीत सांगत गेली. "आनलायडिंग, उचलताना बसलेला झटका. ओरझाक, पट्टे उन्हात खराब झाले, कारण यार्डात सावली एकच होती. दुसरी मागितली होती, मी दिली नाही. सही, रूलॉफ. उपाय, हे सगळे पट्टे आज बाद. नवी शेड, पंधरा मेच्या आत. स्टोअर माणसांकडेच राहील."

कागद फिरून रहिमतुल्लापुढे आला. त्यानं डच अक्षरांवरून नजर फिरवली, एक अक्षर कळत नव्हतं. मग चष्मा काढून घडी घातला आणि खिशात ठेवला.

"साहेब," तो म्हणाला, "किधर करूं?"